'आरटीओ चलान' उघडलं आणि अ‍ॅप डिलीटच होईना: माझा अनुभव

लक्षणं अशी: बाबांच्या अँड्रॉइड फोनवर बँकेचे एसएमएस दिसेनासे झाले, आणि त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्या ग्रुपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके (अँड्रॉइडवर अ‍ॅप इन्स्टॉल करणारी) फाइल आपोआप जाऊ लागली. सकाळी त्यांनी तीच फाइल उघडली होती. (स्कूटर वर्षभर पार्किंगमध्ये धूळ खात पडलीये, तरी!)

आयकॉन गायब. सेटिंगच्या यादीत अ‍ॅप सापडलं, पण 'अनइन्स्टॉल'चं बटण करडं, दाबलंच जाईना. रीस्टार्ट केला, अँटीव्हायरस टाकला, उपयोग शून्य. दोन तास नुसती डोकेफोड.

शेवटी जमलं ते या क्रमाने. आधी वाय-फाय बंद करून सिम काढलं, म्हणजे ओटीपी चोरांकडे जाणं थांबलं. माझ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, कार्ड, यूपीआय बंद करवलं आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग सेफ मोड (यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत): पॉवर बटण दाबलं की 'पॉवर ऑफ' दिसतं, त्यावर बोट दाबून धरायचं. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' (अ‍ॅपला फोनवर जादा ताबा देणारी परवानगी) शोधून त्या अ‍ॅपपुढची खूण काढली, आणि करडं बटण लगेच चालू झालं. व्हॉट्सअ‍ॅपमधली अनोळखी लिंक्ड डिव्हाइस लॉगआउट केली. सिम परत घालून ##002# डायल केलं, कॉल फॉरवर्डिंग रद्द. तरी मनाची खात्री पटेना, म्हणून फोटो दुसरीकडे कॉपी करून फॅक्टरी रीसेट मारलाच. पासवर्ड आणि यूपीआय पिन त्यानंतरच बदलले. आधी बदलले असते तर तेही चोरांना दिसण्याची भीती होती.

खरं चलान परिवहनच्या सरकारी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. बाबांनी नंतर पाहिलं, एकही नव्हतं.