दोन महापालिकांच्या बैठकीला जाण्याआधी

शेजारच्या महापालिकांसोबत बेघरांच्या प्रश्नावर बैठक लागली, की आपल्याकडे पहिली धावपळ निवेदन टाइप करण्याची होते. निवेदन शेवटी करा. आधी एका रात्री बारानंतर हद्दीवर जाऊन या. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, आणि त्यांच्या हद्दी नाल्यावर, पुलाखाली, चेकनाक्यापाशी एकमेकींना भिडतात. माणसं झोपलेली असतात तीही बरोबर तिथेच. मागे अशाच एका नाक्यावर आम्ही मोजणीला गेलो होतो. पुलाच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. पायाशी बाटल्यांचं पोतं, पोत्याचं तोंड जुन्या साडीच्या काठाने आवळलेलं आणि काठाचं टोक मनगटाला गुंडाळलेलं. अलीकडचं पथक म्हणालं, खांब पलीकडच्यांचा. पलीकडचं म्हणालं, बाई दिवसभर भंगार वेचते अलीकडे, तेव्हा नोंद तुमच्याकडे करा. दोघांचेही फॉर्म कोरे राहिले. आजी म्हणाली, "ठरलं की उठवा रे मला."

तर पहिलं काम नकाशाचं. माणसं कुठे झोपतात त्या जागा खुणांनी दाखवा आणि प्रत्येक खुणेपुढे जमीन कोणाची ते लिहा. फलाटाबाहेरची मोकळी जागा बहुतेक वेळा रेल्वेची निघते, पुलाखालची कधी रस्ते विकास महामंडळाची, कधी सार्वजनिक बांधकामाची. हे मालक बैठकीत नसले तर महापालिकांनी एकमेकींना कितीही शब्द दिले तरी पुलाखाली एक नळसुद्धा बसत नाही. त्यांना बोलावण्याचं पत्र पंधरा दिवस आधी गेलेलं असू द्या, पोच सांभाळून ठेवा.

मग आकडे. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात सुमारे १७.७ लाख, महाराष्ट्रात २.१ लाख, बृहन्मुंबईत ५७ हजारांच्या आसपास माणसं नोंदली गेली. एका रात्रीत जे दिसले ते मोजले गेले. हा आकडा फार कमी आहे, असं आपण म्हणणार आणि समोरचे तोच घट्ट धरून बसणार. त्या वादात अर्धा तास घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात २०१० मध्ये जो हिशोब घालून दिला तो बेघरांच्या मोजणीवर नाही, शहराच्या लोकसंख्येवर आहे. लाखामागे किमान १०० माणसांचा एक निवारा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा. तो २०११ च्या लोकसंख्येला लावला की मुंबईला १२४ निवारे लागतात, ठाण्याला १८, कल्याण-डोंबिवलीला १२, मीरा-भाईंदरला ८, भिवंडीला ७, उल्हासनगरला ५. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात छापा आणि शेजारच्या रकान्यात आज प्रत्यक्ष चालू असलेल्या निवाऱ्यांची संख्या लिहा. ती संख्या फोनवर विचारून लिहू नका, स्वतः जाऊन दार उघडं आहे का ते बघून लिहा. कागदावर चालू असलेल्या निवाऱ्याच्या दाराला कुलूप आणि आत निवडणुकीचं सामान, असं आम्ही पाहिलं आहे.

तरीही एक संयुक्त मोजणी मागाच. रात्र एक, वेळ एक, फॉर्म एकच. फॉर्ममध्ये झोपण्याच्या जागेसोबत कामाची जागा आणि औषधपाण्याची जागा विचारलेली हवी. ही माणसं झोपतात एका शहरात, काम मिळवायला नाक्यावर उभी राहतात दुसऱ्यात आणि टीबीच्या गोळ्या घेतात तिसऱ्यात. पोलिसांची गाडी सोबत नको हे आधीच लेखी ठरवून घ्या. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहे, आणि गाडी दिसली की चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेतील या धास्तीने पाच मिनिटांत फुटपाथ रिकामा होतो. मग मोजणीत कोणी सापडत नाही आणि शहर बेघरमुक्त ठरतं.

आता खरा मुद्दा, ज्यावर आपल्याच लोकांची तयारी कच्ची असते. एकत्र काय करायचं आणि काय करायचं नाही? "सगळ्यांनी मिळून एक मोठं केंद्र उभारू" असा प्रस्ताव हमखास येतो, बहुधा शहराबाहेरच्या एखाद्या आरक्षित भूखंडासकट. त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा. बिगारी काम करणारा माणूस पहाटे नाक्यावर पोचला नाही तर त्याचा दिवस गेला. मंडईत पाट्या उचलणारा मंडईपासून चालत जाता येईल तिथेच झोपणार. साध्या खाटा ज्या त्या शहरातच हव्यात, स्टेशन, मंडई, बस डेपोच्या जवळ, आणि हातगाडी, पोतं, गाठोडं ठेवायला कुलपाची जागा असलेल्या. पोतं बाहेर ठेवा म्हटलं तर आमची आजी आत पाऊलही टाकणार नाही.

एकत्र करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. एकट्या बायकांचा निवारा, ऑपरेशननंतर पंधरा दिवस पडून राहायची सोय, मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन सुटलेल्यांची राहण्याची जागा. एका लहान महापालिकेच्या वाट्याला अशी दहा-पंधरा माणसं येतात, तेवढ्यासाठी ती नर्स आणि समुपदेशक ठेवत नाही. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. तिथे येणारे रुग्ण काही एका शहराचे नसतात, आणि बरं झालेल्या माणसाने समाजात राहावं, केवळ घर नाही म्हणून रुग्णालयात अडकून पडू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर राहणारी कुटुंबं तर देशभरातून आलेली असतात. ती मुंबईची का ठाण्याची, हा प्रश्नच तिथे चुकीचा आहे. एवढ्याच दोन-तीन सेवांवर बोट ठेवा आणि प्रत्येकीसाठी किती खाटा ते सांगा.

पैशांची तयारी सगळ्यात बारकाईने करा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ५० माणसांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये धरले होते. भागून बघा, माणशी दिवसाला ३३ रुपये पडतात. त्यात तीन पाळ्यांचे काळजीवाहक, वीज, पाणी, फिनेल आणि चादरींची धुलाई. त्या अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली, आणि नवं शहरी गरिबी निर्मूलन अभियान अंतिम टप्प्यात असल्याचं केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. तेव्हा "केंद्राचा निधी आला की बघू" हे उत्तर गृहीत धरूनच जा आणि महापालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष, म्हणजे या खर्चाची वेगळी नोंद, मागा. आयुक्त अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडतात, म्हणजे मागणी दिवाळीच्या आगेमागे खात्यात पोचलेली हवी. जानेवारीतल्या बैठकीत चहा चांगला मिळतो, बाकी काही मिळत नाही.

वाटणीचं सूत्र आपणच घेऊन जावं. पैसे बेघरांच्या संख्येवर वाटायचे ठरले, तर प्रत्येक शहर मोजताना डोळे मिटेल. म्हणून वर्गणी लोकसंख्येवर आणि खाटा गरजेवर. समजा ठाणे, मीरा-भाईंदर आणि भिवंडीने मिळून बायकांचा एक निवारा चालवला आणि नर्ससकट वर्षाचा खर्च २० लाख आला, तर २०११ च्या लोकसंख्येप्रमाणे ठाण्याकडे सुमारे ११ लाख येतात, मीरा-भाईंदरकडे पावणेपाचच्या थोडे वर आणि भिवंडीकडे सव्वाचार. या तीन शहरांचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. शहाड-टेमघरच्या पाणी योजनेत, जिला सगळे 'स्टेम' म्हणतात, या तिन्ही महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद भागीदार आहेत. पाणी हद्द ओलांडून वाटता येतं, बिलाची भांडणं करत का होईना, तर खाटाही वाटता येतील. "कायद्यात बसत नाही" असं कोणी म्हणालं की हे नाव घ्या. मुंबईसोबत करार करायचा असेल तर मात्र तिला १८८८ चा महापालिका कायदा लागू आहे आणि बाकीच्या आठ जणींना १९४९ चा. दोन्हीकडच्या विधी अधिकाऱ्यांना मसुदा आधी दाखवलेला बरा.

घरांच्या निधीचा विषय त्याच बैठकीत काढावा की नाही, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. माझं मत, काढावा, पण थोडक्यात. निवाऱ्यातून बाहेर पडून माणूस जाणार कुठे, हे विचारल्याशिवाय खाटा कधी रिकाम्या होणार नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेत परवडणाऱ्या घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतात. उरलेली रक्कम कर्जाने उभी करायची, आणि भंगार वेचणाऱ्याला कर्ज कोण देणार? झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घराला १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीचा पुरावा लागतो, फुटपाथवरच्या अंथरुणाचा पुरावा कुठून आणायचा? चार हजार चौरस मीटरवरच्या गृहप्रकल्पांतली २० टक्के घरं राखण्याचा नियम १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी, त्यामुळे २०११ च्या आकड्यांवर मीरा-भाईंदर, भिवंडी आणि उल्हासनगर त्यातून सुटतात. उरतं भाड्याचं घर. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती, पण पुढे त्यातली बरीच घरं प्रकल्पबाधितांकडे आणि धोकादायक इमारतींतल्या रहिवाशांकडे गेली. त्यांचीही गरज खरीच होती. बेघरांच्या वतीने मागायला तेव्हा कोणी टेबलावर नव्हतं, एवढंच. मे २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य आहे. त्यातली भाड्याची किती आणि निवाऱ्यातून येणाऱ्यांसाठी किती, हा एकच प्रश्न लेखी देऊन पुढे सरका.

सोबत निवाऱ्यात राहणारी दोन माणसं न्या, आणि त्यांचा बुडालेला रोज देण्याचे पैसे खिशात ठेवा. त्यांना आधी सांगा, की दुःख ऐकवायला बोलावलेलं नाही. पंखा किती वाजता बंद होतो, संडासाला कडी आहे का, आजारी पडल्यावर कोण घेऊन गेलं, हे सांगायचं आहे. कागदांत मतदार नोंदणीचा नियमही ठेवा. बेघराकडे पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, तो खरंच तिथे झोपतो का हे बघायला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन जातो. नगरसेवकांना या नियमात विशेष रस वाटतो, असा अनुभव आहे.

उठण्याआधी इतिवृत्त कोण लिहिणार ते विचारा. "सकारात्मक चर्चा झाली" एवढंच आलं तर त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या. खाटा किती, रक्कम किती, कोणत्या लेखाशीर्षातून, आणि हद्दीवरचा तो खांब कोणाचा, खांबावरच्या रंगवलेल्या क्रमांकासकट, हे त्यात लिहून घ्या.