करंट बरोबर, तरी ओव्हरलोड रिले ट्रिप

मोटरच्या नेमप्लेटवर ७.५ अँपिअर, ओव्हरलोड रिलेचं (करंट जास्त वाढला की मोटर बंद पाडणारं संरक्षक उपकरण) सेटिंगही ७.५, क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेज ६.८ ते ७. तरी वीस-पंचवीस मिनिटांत ट्रिप. अशा वेळी डायल वाढवू नका, खरा ओव्हरलोड आला की वाइंडिंग जळतं.

रिलेत दोन धातूंची पट्टी असते. तिचा एक थर सहसा कमी प्रसरणाच्या लोखंड-निकेल मिश्रधातूचा, दुसरा जास्त प्रसरणाचा. तापली की ती कमी प्रसरणाच्या बाजूला वाकते आणि ट्रिपची दांडी ढकलते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट २० टक्के जास्त, तर उष्णता ४४ टक्के जास्त. पण पट्टीला फक्त उष्णता कळते, ती कुठून आली हे नाही.

दोष तिथेच होता. मेन बंद करून, सप्लाय नसल्याची खात्री करून पाहिलं, तर मधल्या फेजचा स्क्रू अर्धा फेरा ढिला, वायरीचं इन्सुलेशन तपकिरी. सैल जोडाची उष्णता तांब्यातून थेट पट्टीत जात होती.

खराब झालेली तार कापली, नवीन लग (तारेच्या टोकाचं धातूचं टोपण) दाबून क्रिंप केला, रिलेवर दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) स्क्रू आवळला. पट्टी गार होऊन सरळ होईपर्यंत रीसेट धरत नाही, बटण जोरात दाबू नका. नंतर दोन तास सलग लोडवर चालवलं, ट्रिप नाही.

स्टार-डेल्टात (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा स्टार्टर) रिले वाइंडिंगच्या मार्गात असेल, तर सेटिंग लाइन करंटच्या ०.५८ पट ठेवा.