ब्रिजटाऊनला जहाज लागण्याआधी

बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला क्रूझचं जहाज बहुतेक वेळा एका दिवसापुरतंच थांबतं. जहाजाची सहल न घेता हे गाव स्वतःच्या पायांनी बघावं, असं मी आग्रहानं सांगते. तयारी मात्र घरूनच सुरू होते. क्रूझ मायामीहून निघून तिथेच परतणार असेल, तर भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी तपासा; परतताना तुम्ही अमेरिकेत नव्यानं प्रवेश करत असता.

कपडे भरताना एक गोष्ट विसरू नका. बार्बाडोसमध्ये लष्करी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाला घालायला कायद्यानं बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. आपल्याकडे तशा टोप्या, बर्म्युडा, सॅक सर्रास मिळतात, म्हणून मुलांची बॅग स्वतः उघडून बघा.

पैसे सुटे घ्या. एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा ठरलेला दर. अमेरिकन नोटा दुकानांत चालतात, पण सुटे बहुधा स्थानिक चलनात परत मिळतात, तेव्हा एक, पाच, दहाच्या नोटा जवळ असू द्या. टॅक्सीला मीटर नसतो. भाडं बसण्याआधी ठरवा आणि ते कोणत्या डॉलरमध्ये, हेही विचारून घ्या. पांढऱ्या झेडआर व्हॅन म्हणजे आपली वडाप, गाणी जोरात आणि ड्रायव्हर घाईत. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून धावतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना गोंधळ होत नाही.

बंदरापासून गावाचा मध्य दीड-दोन किलोमीटरवर आहे, पण ऊन कडक असतं. टोपी, सनस्क्रीन आणि रिकामी बाटली घ्या. इथलं नळाचं पाणी प्रवाळी चुनखडकातून गाळून येतं, बिनधास्त प्या.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. बंदरातून बाहेर पडलात की आधी केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान गाठा, पायी पंधरा-वीस मिनिटं. १९७१ च्या दौऱ्यात याच मैदानावर गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी १५० केल्या आणि गावस्कर दुसऱ्या डावात ११७ वर नाबाद राहिले. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला, भारत सात धावांनी जिंकला आणि रोहितनं खेळपट्टीवरचं गवत तोंडात घातलं, तेही इथंच. बाहेर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. सामना नसेल तर आत सोडतात का, हे गेटवर नम्रपणे विचारा. घरी वडीलधारं कुणी रेडिओवर कान लावून कॉमेंट्री ऐकणारं असेल, तर तिथून त्यांना फोन करायचं आधीच ठरवून ठेवा. आपल्याकडे तेव्हा साडेनऊ तास पुढची वेळ असते.

गावात कॅरिनेज ही होड्यांची खाडी, तिच्या काठाशी संसदेच्या इमारती आणि जवळच निधे इस्रायल हे १६५४ चं सिनगॉग आहे. १८३१ च्या चक्रीवादळात ते पडलं आणि १८३३ मध्ये पुन्हा उभं राहिलं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून जहाजाचा वार आधी बघा. शाकाहारी मंडळींनी बटाटा-चण्याची रोटी मागावी. भाजी रोटीत गुंडाळून देतात. पातळ भाजी कोणत्या रश्शातली, तेवढं विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांनी फ्लाइंग फिश आणि कूकू (मक्याच्या पिठाचा भेंडी घालून केलेला घट्ट पदार्थ) चुकवू नये.

समुद्रात उतरायचं असेल तर कार्लाइल बे चालत गाठता येतो. बेटावरचे किनारे सगळ्यांना खुले आहेत, पोहायचे कपडे आतूनच घालून निघा. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, काहींच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला दिसतो. त्याचं हिरवं, सफरचंदासारखं फळ विषारी आहे आणि चिकानं कातडीवर फोड येतात. पाऊस आला तर त्याच्याखाली आडोशाला अजिबात उभं राहू नका. मुलांना हे जहाजावरच नीट समजावून सांगा.

मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा, कारण फोन कधी कधी बेटाची वेळ दाखवतो आणि दोन्ही वेळा जुळतीलच असं नाही. जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र खिशात हवं. रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, तो कागदावर उतरवून घ्या. जहाजावर परतायच्या शेवटच्या वेळेच्या दीड तास आधी गाव सोडा आणि वाटेतल्या पेलिकन व्हिलेजमध्ये खरेदी करा. तिथून बंदर जवळच आहे.