थ्रॉटल बॉडी साफ करायला बसण्याआधी

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारा भाग; त्यातली गोल झडप, म्हणजे पाकळी, पेडल दाबलं की उघडते. आधी बघा, सफाईची गरज आहे का. सिग्नलला उभी असताना पेट्रोल गाडीचा आरपीएम वरखाली होतोय, पेडल सोडलं की इंजिन बंद पडतंय, तर थ्रॉटलच्या पाकळीवर काजळी बसल्याचा संशय घ्यायला जागा आहे. पण झिजलेले प्लग किंवा तडकलेला हवेचा होज पाइप असला तरी गाडी अशीच वागते. तेव्हा एअर फिल्टर आणि पाइप आधी तपासा. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घेतल्याशिवाय क्लीनर विकत घेऊ नका. डिझेलवाल्यांनी इथेच थांबावं. त्यांच्या इनटेकमधली काजळी हे वेगळं आणि बरंच चिवट प्रकरण आहे.

मग गाडीचं मॅन्युअल काढा. पेडलची केबल थ्रॉटल बॉडीपर्यंत आलेली दिसली तर काम सोपं, कारण पाकळी हाताने उघडून मागची कड पुसता येते. केबल नसेल तर पाकळी मोटरवर चालते आणि आत बहुधा प्लॅस्टिकचे गिअर असतात. तिथे किल्ली ऑन असताना बोट घालणं म्हणजे बोट चेमटून घेणं. हाताने उघडू नका असं मॅन्युअल म्हणत असेल तर समोरून दिसतं तेवढंच पुसा. माझ्या मते नवख्याने बॉडी पूर्ण काढूच नये. बऱ्याच गाड्यांत तिच्यातून कूलंटच्या नळ्या जातात, त्या सुटल्या की सफाई बाजूला राहते आणि कूलंट भरत बसावं लागतं. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्याच्या नळ्यांना हात लावू नका. त्या वाटेत येत असतील तर काम गॅरेजवाल्याचं.

स्प्रे घेताना डब्यावर थ्रॉटल बॉडी क्लीनर लिहिलंय का ते वाचा. कार्ब (कार्ब्युरेटर) क्लीनर चालतो असं दुकानदार सांगेल, पण काही पाकळ्यांवर लेप असतो आणि तो त्याने उतरू शकतो. हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर यातला एक थेंबही नको. बॉडी काढायचीच असेल तर पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मॉडेल आणि साल सांगून गॅस्केट (जोड हवाबंद ठेवणारी पट्टी) आधी आणून ठेवा. हत्यारं थोडीच लागतात: दहाची गोटी (१० मिमीचं सॉकेट), रॅचेट, एक्स्टेन्शन, स्टार स्क्रू ड्रायव्हर. जुन्या बाजारात गोट्या स्वस्त मिळतात हे खरं, पण झिजलेली गोटी बोल्टचं डोकं गोल करून टाकते, त्यामुळे दहाची तेवढी नवी घ्या. शिवाय मऊ टूथब्रश, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, बोल्ट ठेवायला वाटी. पुसायला मायक्रोफायबर. गॅरेजात असतं तसलं कॉटन वेस्ट अजिबात नको, त्याचे धागे सरळ इंजिनात जातात. स्प्रे पाकळीवर धो धो मारायचा नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं, नाहीतर द्रव पुढच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, साचतो.

जागा मोकळी हवी. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम करू नका. क्लीनर पेट घेतो आणि त्याची वाफ तिथे कोंडते. जवळ कुणी सिगारेट ओढत उभं राहणार नाही एवढं बघा. इंजिन थंड हवं, म्हणजे सकाळी गाडी काढण्याआधीची वेळ उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, पण त्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते पाहून ठेवा. वायरचे कपलर आणि पाइपचे क्लॅम्प सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

आणि वार शनिवार निवडा. सगळं जोडल्यावर पहिला सेल्फ थोडा लांबतो, जरासा धूरही येतो, त्याला घाबरायचं नाही. काही गाड्या आयडल (पेडल न दाबता इंजिन किती फिरावं ते) आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लावून रीसेट करावं लागतं. आरपीएम वरच अडकून राहिला तर आधी होज पाइप नीट बसलाय का ते बघा. तो ठीक असेल तर गाडी स्कॅनर असलेल्या गॅरेजात न्या. शनिवारी सकाळी सुरुवात केली असेल तर ते उघडं असतं.