लिलावातला ब्रॉन्झचा बैल घ्यायचाय? आधी त्याला उलटा करायला सांगा

परवा भाच्याने व्हॉट्सॅपवर स्क्रीनशॉट टाकला, लंडनच्या एका लिलावातला ब्रॉन्झचा बैल, वीतभर उंच, खाली पाउंडात इस्टिमेट, आणि विचारतो मामा हा खरंच रेनेसाँचा (म्हणजे युरोपातल्या १५व्या-१६व्या शतकातल्या कलेच्या बहराच्या काळातला) असेल का, बोली लावू का. पोरगा कमावतो, हौस आहे, म्हणून हसण्यावारी नेलं नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय, बडोद्यात बसून असला लॉट कसा तपासायचा ते.

सगळ्यात आधी फोटो राहू द्या, शिल्पकाराच्या नावाआधी काय लिहिलंय ते वाचा. नुसतं शिल्पकाराचं नाव, इथे 'जांबोलोन्या', असेल तर लिलाववाल्यांच्या मते काम त्याचंच. 'अट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुतेक त्याचं, 'वर्कशॉप ऑफ' म्हणजे त्याच्या कारखान्यातलं, 'सर्कल' आणि 'फॉलोअर' म्हणजे नातं लांबलांब होत जातं, आणि 'आफ्टर' म्हणजे त्याच्या मॉडेलवरून कोणीतरी कधीतरी ओतलेली कॉपी, अगदी १९व्या शतकातलीसुद्धा. भाच्याच्या बैलापुढे हेच 'आफ्टर' होतं आणि पठ्ठ्याने ते वाचलंच नव्हतं! जांबोलोन्या (१५२९-१६०८) इटलीत फ्लॉरेन्सला तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्यासाठी काम करायचा, त्याचे घोडे आणि बैल एवढे गाजले की त्याचा मदतनीस अंतोनियो सुझिनी ते ओतायचा, मग सुझिनीचा पुतण्या, आणि नंतर लोक ओततच राहिले. त्यामुळे मॉडेल जुनं म्हणून मूर्ती जुनी असं धरून चालू नका.

आता पोट. लिलाववाल्यांना मेल टाका, कंडिशन रिपोर्ट आणि खालून काढलेले फोटो मागा, लाजू नका, रोज मागतात लोक. पोकळ ब्रॉन्झ ओतताना आत मातीचा गाभा असतो, वर मेण, वर पुन्हा साचा, मेण वितळून गेलं की गाभा हलू नये म्हणून आरपार धातूच्या पिना घालतात आणि नंतर त्यांची भोकं बुजवतात. ते बुजवलेले ठिपके पोटाला, मांडीला दिसतात का बघा. आत माती उरली असेल तर उत्तम, थर्मोल्युमिनेसन्स टेस्टने ती माती शेवटची कधी तापली त्याचा अंदाज येतो.

मग डोळा, नाकपुडी, गळ्याखालची पोळी, शेपटीचा गोंडा, हे झूम करून बघा. सुझिनीच्या हातचं काम म्हणजे ओतल्यावर थंड धातूवर छिन्नीने केलेलं, पोळीची घडी न् घडी कडक दिसते. कॉपीवरून साचा काढून ओतलेली कॉपी वापरून झिजलेल्या साबणासारखी बोथट असते, आणि थोडी लहानही, कारण धातू थंड होताना आकसतो. म्हणून म्युझियमच्या साइटवर त्याच मॉडेलच्या बैलाची मापं काढा आणि सेंटिमीटरला सेंटिमीटर लावून बघा. फुकटची टेस्ट आहे, सगळ्यात कमी लोक करतात.

रंगाचं सांगायचं तर फ्लॉरेन्सच्या कामावर लालसर-सोनेरी पारदर्शक लॅकर असायचं, इटलीतल्याच पादुआ शहराकडच्यांवर काळपट. जिथे हात लागतो, पाठ, शिंगं, तिथे ते उडालेलं असणार, सगळीकडे एकसारखा रंग दिसला तर शंका घ्या. आणि घेतल्यावर घासायचं नाही म्हणजे नाही. आमच्या आजोळचा नंदी पिढ्यान्पिढ्या काळा झालेला, आत्याने पाहुणे येणार म्हणून चिंच लावून असा काही लखलखवला की कालच दुकानातून आणल्यासारखा दिसायला लागला.

बजेट कमी असेल तर बैल सोडा, पादुआचे बेडूक-खेकडे बघा. १६व्या शतकात तिथे खऱ्या मेलेल्या बेडकावरूनच साचा काढून ब्रॉन्झ ओतायचे आणि शाईच्या दौती बनवायचे, त्वचेवरचा फोड न् फोड उतरायचा. मला तरी बैलापेक्षा बेडूकच आवडतो. पण त्यांच्याही कॉप्या ढिगाने आहेत, पोट बघणं सुटत नाही.

डोळ्याला सवय लावायला बडोद्याच्या कमाटी बागेतलं म्युझियम आहे. बडोद्यातल्याच आकोट्याला सापडलेल्या जैन मूर्ती तिथेच आहेत, त्याही मेण वितळवूनच ओतलेल्या, आणि रेनेसाँच्या कितीतरी शतकं आधीच्या. काचेबाहेरून बघताना चेहरा सोडा, मागची बाजू, सांधे, झिजलेले गुडघे बघत बसा. आणि ब्रॉन्झ म्हणजे धातू कसला म्हणाल तर तांबं आणि कथील, म्हणजे आजीच्या काशाच्या वाटीतलंच. मात्र रेनेसाँच्या काळच्या 'ब्रॉन्झ'मध्ये जस्त आणि शिसंही सापडतं, त्यामुळे एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूत काय काय आहे ते बघणाऱ्या) तपासणीच्या रिपोर्टात जस्त दिसलं म्हणून लगेच नकली म्हणायचं नाही.

पैशाचं गणित वेगळ्या कागदावर मांडा. हातोडा पडला ती किंमत तुमची किंमत नव्हे, वर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं कमिशन, समजा २५ टक्के, म्हणजे २०,००० पाउंडचे २५,००० झाले, मग शिपिंग, इन्शुरन्स, इथली कस्टम ड्यूटी. परदेशी पैसे पाठवायला एलआरएसची (रिझर्व्ह बँकेच्या त्यासाठीच्या योजनेची) वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. वस्तू इटलीत असेल तर बाहेर काढायला तिथली परवानगी लागते. आणि १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू एकदा भारतात आणली की १९७२चा पुरावस्तू कायदा आहे, परत बाहेर विकणं अवघड, तेव्हा आधी कस्टम एजंटशी बोला.

बोली लावायचं रजिस्ट्रेशन चार-पाच दिवस आधी करून टाका, पासपोर्ट आणि बँकेची कागदं मागतात. लिलाव लंडनच्या दुपारी दोनला असेल तर ते आपले उन्हाळ्यात साडेसहा, थंडीत साडेसात, त्या वेळेला घरात पाहुणे बोलावू नका.