शिंजीर चौकटीत सापडत नाही? आधी झूम मागे घ्या

पांगाऱ्यावर शिंजीर (फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी, सनबर्ड) दिसतो, घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावावा तर आत नुसती पानं. शोधेपर्यंत स्वारी पसार. लेन्सचा झूम ६०० मिमीवर असेल, तर फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात १० मीटरवरचा जेमतेम ६० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मावतो. १५० ला २.४ मीटर. म्हणून:

१. फिरताना १५०-६०० ची लेन्स १५० वरच ठेवा. पक्षी मधोमध घ्या, फोकस बसू द्या, मगच झूम पुढे न्या.

२. नजर पक्ष्यावरून हलवू नका, कॅमेरा डोळ्यापाशी आणा. मी कितीतरी दिवस आधी कॅमेऱ्याकडे बघायचो आणि मग पक्षी शोधत बसायचो!

३. फोकस मधल्या फांद्यांवर अडकत असेल तर फोकस लिमिटर (किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं लेन्सवरचं बटण) दूरच्या पल्ल्यावर टाका. पण बटणाशेजारचा आकडा वाचा. काही लेन्सवर हा पल्ला १० मीटरपासून सुरू होतो; सहा मीटरवरच्या शिंजीरवर मग फोकस बसणारच नाही.

वेड्या राघूचं काम सोपं. माशी पकडून तो बहुतेक वेळा त्याच काडीवर परततो, तिथेच ती आपटतो. तो उडाला तरी कॅमेरा रिकाम्या काडीवर रोखून ठेवा, शटर १/२००० सेकंदाच्या आसपास.

घरट्यासमोरची पानं-फांद्या मात्र फोटोसाठी बाजूला करू नका. आडोसा गेला की कावळ्यांना पिल्लं आयती दिसतात.