जेवायला बोलावताय? मग या चुका टाळा

‘हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो,’ अशी कुरकुर परुशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी धर्मपुढारी, येशूबद्दल करत (लूक १५:२). शेजाऱ्याला, सहकाऱ्याला जेवायला बोलावण्याची प्रेरणा आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, तिथूनच मिळते. तरीही कितीतरी घरांत पाहुणा एकदाच येतो. पुन्हा बोलावलं की त्याला नेमकं काम निघतं.

ताटाबरोबर साक्ष वाढणं

जेवू घालताना आपल्या विश्वासाचा प्रचार करणं, सर्वांत घातक चूक हीच. जेवणाआधीची प्रार्थना चार वाक्यांत आटपा. पाहुण्याच्या तारणाची विनंती त्याच्यासमोर करू नका. आपल्याकडे प्रार्थना होते हे आधी सांगून ठेवलं की तो गोंधळत नाही. त्याने होऊन काही विचारलं तर मात्र आडपडदा न ठेवता बोला.

‘एवढं जेवू घातलं, पण एकदाही उपासनेला आला नाही’ असा हिशेब घरात सुरू झाला तर सावध व्हा. परतफेड करू शकत नाहीत त्यांनाच बोलवा, असं येशूने सांगितलं आहे (लूक १४:१२-१४). तो चर्चला येत नाही म्हणून तुम्ही बोलावणं बंद केलंत, तर आधीची सगळी जेवणं त्याला आमिष वाटतील. आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

पंगतीत भेद ठेवणं

करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र जेवायला, लोक जमत, पण काही जण आपलं आधीच खाऊन घेत. कुणी उपाशी राही, कुणी पिऊन तर्र होई. उशिरा येणाऱ्यांत कामावरून सुटलेले गुलाम आणि मजूर असावेत, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रेषित पौलाने त्यावर दिलेली सूचना अगदी साधी आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा (१ करिंथ ११:३३). आपल्या प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या सामुदायिक जेवणात, नवा माणूस हातात ताट घेऊन एकटा उभा असतो आणि ओळखीची कुटुंबं आपापला घोळका करून बसतात. यावर उपाय म्हणजे नव्या माणसाशेजारी बसण्याची जबाबदारी आधीच कुणाला तरी नेमून देणं. वाढणाऱ्यांसाठी रस्सा आणि भाकरी बाजूला काढून ठेवा.

अंत्युखिया शहरातली चूक याहून खोल होती. येशूचा शिष्य पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आली तसा तो घाबरून मागे सरला, आणि पौलाने त्याला तोंडावर विरोध केला (गलती २:११-१४). मराठी मंडळ्यांनी हा उतारा वारंवार वाचावा. बाप्तिस्मा झाला म्हणून जात आपोआप सुटत नाही; कुणाच्या घरी नुसता चहा घेऊन उठता आणि कुणाकडे जेवायला थांबता, यावरून ती अजूनही कळते. जिथून नुसता चहा घेऊन उठता, त्या घरी मुद्दाम जा, पोटभर जेवा, मुलांनाही न्या.

फक्त नाताळातच आठवण ठेवणं

करंज्या आणि केकचं ताट शेजारी पाठवा, जरूर पाठवा. पण ओळख वाढते ती एखाद्या मंगळवारच्या वरणभाताने. बोलावताना श्रावण, उपवास, शाकाहार यांची चौकशी फोनवरच करा, आणि शाकाहारी पदार्थांची पळी वेगळी ठेवा.

सतत यजमानच राहणं

याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जक्कय या जकातदाराला येशूने आपल्याकडे बोलावलं नाही. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’ असं तो म्हणाला (लूक १९:५). नेहमी आपणच वाढत राहिलो की समोरचा कायम घेणाराच राहतो, आणि त्याला ते खुपतं. म्हणून त्याच्या घरी जा, त्याच्या आईच्या हातचं खा, तिला कृती विचारा. शिष्यांनाही ‘तुमच्यापुढे वाढतील ते खा’ असंच सांगितलं होतं (लूक १०:८).

प्रसादाचा प्रश्न इथे येतोच. पौलाचा सल्ला १ करिंथ १०:२७-२९ मध्ये आहे. तो नीट वाचून, हवं तर पाळकांशी बोलून आपली भूमिका ठरवा आणि गणपतीच्या आधीच मित्राला एकट्याला गाठून सांगा. सगळ्यांसमोर प्रसाद पुढे आल्यावर हात मागे घेतलात, तर त्याच्या आईचा अपमान होईल.